सव्वा लाखाची चाकं आणि फुकटची स्टेपनी

पत्र : माझ्याकडे २०१८ ची पोलो जीटी टीएसआय आहे, ६२ हजार किलोमीटर झालेली. रोज चिंचवड ते हिंजवडी आणि वर्षातून दोन-तीन वेळा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस. गाडीत आजवर काहीच बदललेलं नाही. आता चाकं बदलायची म्हणतोय. कंपनीचं १६ इंची अलॉय पंक्चरवाल्याकडे टायर उतरवून काट्यावर ठेवलं, ९.८ किलो भरलं. दुकानात दाखवलेली फ्लो-फॉर्म्ड (कड ताणून हलकी केलेली) चाकं त्याच साइझमध्ये ६.८ किलोची आहेत म्हणे. चारांचे सव्वा लाख. दुकानदार म्हणतो, चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा किलो, तेव्हा गाडी १२० किलोनं हलकी झाल्यासारखी पळेल. मित्रानं स्विफ्टला हलकी चाकं आणि नवे टायर घातले, तो म्हणतो गाडीच बदलली. बायको विचारते, आहेत ती चाकं गोल नाहीत का? खरंच फरक जाणवतो का?
– एक वाचक, चिंचवड

नमस्कार.

फरक जाणवेल. घड्याळात मात्र जेमतेम दिसेल. आणि जो जाणवेल, त्यातला बराचसा चाकाच्या वजनामुळे नसेल. तुमच्या मित्राचं म्हणणं खोटं नाही, फक्त श्रेय चुकीच्या वस्तूला चाललं आहे.

आधी दुकानदाराच्या ‘एकाला दहा’चा निकाल लावू, कारण सव्वा लाखाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

चाकाला दोन कामं असतात. गाडीबरोबर पुढे जायचं आणि स्वतःभोवती फिरायचं. गाडीचा वेग वाढवताना इंजिनाला दोन्हींसाठी जोर लावावा लागतो, म्हणून चाकातला किलो बॉडीतल्या किलोपेक्षा महाग पडतो, इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे. किती महाग, हे तो किलो मध्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. टायरचा रस्त्याला टेकणारा बाहेरचा काठ फिरण्यापायी जेवढ्या वेगानं जातो, तो गाडीचाच वेग. म्हणजे अगदी त्या काठावर एक किलो असला तर तो दोन किलोंएवढा मोजावा लागेल. दोनच्या वर जायला जागाच नाही. तीनपट नाही, चारपट नाही, दहापट तर नाहीच.

रिम, म्हणजे टायरशिवायचं चाक, तर त्या काठावर नसतंच. १६ इंची रिमचं वजन सरासरीनं मध्यापासून टायरच्या काठापर्यंतच्या निम्म्या अंतरावर, किंवा थोडं पलीकडे असतं. इथे अंतराचा वर्ग लागतो, तेव्हा निम्म्याचा झाला पाव आणि वर थोडं. म्हणजे रिममधला एक किलो वेग घेताना सव्वा ते एक पूर्णांक तीन किलोंएवढा. तुमचे चाकामागे तीन, एकूण बारा किलो कमी होणार, त्याचे झाले साधारण सोळा. गाडी, पेट्रोल आणि तुम्ही मिळून बाराशे किलोंच्या आसपास भराल. बाराशेतले सोळा म्हणजे सव्वा टक्क्याच्या थोडं वर.

हे ट्रॅकवर कसं दिसेल? समजा एका कॉर्नरमधून ६० च्या वेगानं निघालात आणि पुढचे ४०० मीटर पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून १४० च्या जवळ पोचलात. याला साडेचौदा सेकंद लागतात. सोळा किलो कमी धरून हेच गणित पुन्हा केलं, तर वाचतो सेकंदाचा विसावा भाग. कारी ट्रॅक सारा २.१ किलोमीटरचा, त्यावर इतका लांब सरळ पल्ला तुम्हाला सारखा सारखा मिळणार नाही. एका कॉर्नरला ब्रेक थोडा लवकर दाबला तर याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि तो आपण प्रत्येक लॅपला घालवतच असतो.

दहापट, पंधरापट हे आकडे फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, पहिल्या गिअरमध्ये लागू पडतात. तिथे फ्लायव्हील चाकाच्या बारा-तेरापट वेगानं फिरत असतं आणि तो गुणाकार वर्गात जातो. कुणीतरी तिथला आकडा उचलून चाकाला चिकटवला असावा, आणि तो चाकांच्या दुकानात छान मुरला.

आता एक फुकटचा प्रयोग सांगतो. पुढच्या ट्रॅक डेला पहिलं सेशन स्टेपनी डिकीत ठेवून करा. दुसऱ्या सेशनला स्टेपनी, जॅक आणि पाना काढून ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या पिटमध्ये ठेवा (एरवीही ट्रॅकवर जाताना सुट्या वस्तू गाडीत ठेवूच नयेत). स्टेपनी आणि अवजारं मिळून पंधरा-सोळा किलो होतात, म्हणजे नव्या चाकांमुळे वेग घेण्यात जेवढा फायदा होणार तेवढाच. सरळ रस्त्यावर गाडी जास्त जोरात ओढते असं वाटलं, तर चाकांचाही तेवढाच फरक वाटेल. काहीच कळलं नाही, तर चाकांनीही कळणार नाही. परतताना मात्र स्टेपनी आठवणीनं डिकीत टाका. पुढे पुण्यापर्यंत बाराशे किलोमीटर आहेत.

मग लोकांना हलक्या चाकांची गाडी इतकी वेगळी का लागते? कारण ‘पळणं’ आणि ‘वाटणं’ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही विचारलंय ते वाटण्याबद्दल.

स्प्रिंगच्या खाली जे वजन लोंबकळतं, म्हणजे चाक, टायर, ब्रेकची डिस्क, तिला दाबून धरणारा कॅलिपर, हब आणि सस्पेन्शनच्या आर्मचा साधारण अर्धा भाग, ते तुमच्या गाडीत पुढच्या एका बाजूला ३५-४० किलो असेल. त्यातले तीन गेले तर सात-आठ टक्के कमी झाले. बॉडीच्या हिशोबात सव्वा टक्का आणि इथे आठ, म्हणून खरा फरक इथे आहे. चाक कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चढलं किंवा डांबराच्या ठिगळावरून गेलं की ते वर उसळतं, आणि त्याला परत रस्त्यावर दाबायचं काम स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बरचं. उसळणारी वस्तू हलकी असली की ती लवकर खाली येते. जेवढा वेळ टायर रस्त्याला नीट टेकलेला, तेवढा वेळ पकड. गुळगुळीत ट्रॅकवर हे फारसं कळत नाही. कॉर्नरमधून बाहेर पडताना कर्बवर दोन चाकं घातलीत की कळतं : आधी गाडी धप्पकन बसायची, आता टकटक करून निघून जाते.

खरं तर हे तुम्हाला कोइमतूरच्या आधी मुंबईला जाताना कळेल. द्रुतगती मार्गावरचे काँक्रीटचे सांधे हलक्या चाकांवर निराळे वाजतात. धक्का आखूड होतो.

दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. वळवताना तुम्ही पुढची दोन्ही चाकं त्यांच्या उभ्या आसाभोवती फिरवता. चाक हलकं तर ते डावीकडून उजवीकडे लवकर येतं. लागोपाठ डावं-उजवं वळण असलं की स्टिअरिंग जरा उत्साही लागतं. हा फरक छोटा असतो, पण हाताला कळतो, आणि हातानं कळलेलं माणूस विसरत नाही. घड्याळात पाव सेकंद गेला तर कुणाला कळत नाही, स्टिअरिंग जरा बदललं की लगेच कळतं. ‘गाडीच बदलली’ हे वाक्य इथून येतं, आणि ते मी थट्टेवारी नेणार नाही. ट्रॅक डेला कुणी करंडक देत नाही. मजेसाठीच जायचं असेल तर मजा वाढवणारी वस्तू घेणं हा शहाणपणाचाच खर्च आहे.

पण हे आठ टक्के पदरात पाडून घ्यायचं काम शॉक अब्झॉर्बरकडे आहे, आणि तुमचे ६२ हजार किलोमीटर चाललेले आहेत, तेही पुण्यात. उसळलेलं चाक आवरायला शॉकअपमध्ये दम नसेल तर ते तीन किलोंनी हलकं असून काय उपयोग? गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन चारही शॉकअपमधून तेल गळतंय का पाहा. वरचे रबरी माउंट आणि पुढच्या लोअर आर्मचे बुश तपासून घ्या, पुण्याच्या खड्ड्यांत ते आधी जातात. चारपैकी दोन शॉकअप जरी थकलेले निघाले, तरी सव्वा लाखातले पहिले पैसे तिकडे गेले पाहिजेत. नव्या शॉकअपवरची पोलो तुमच्या जुन्या चाकांवरही नवी वाटेल.

आता मित्राच्या स्विफ्टकडे येऊ. त्यानं चाकं आणि टायर एकाच दिवशी बदलले, हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. चार वर्षं वापरून दगड झालेला टायर काढून मऊ रबराचा नवा टायर घातला, तर लाकडी रिमवरही गाडी बदलेल. त्यात नवं रिम बहुधा जुन्यापेक्षा रुंद असणार. तोच टायर अर्धा-एक इंच रुंद रिमवर बसवला की त्याच्या भिंती ताणून उभ्या राहतात, वळताना कमी लवतात आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देतात. याचा वजनाशी संबंध नाही. पण तिन्ही बदल एका पावतीवर आले, त्यातलं चाक तेवढं चमकत होतं, त्यामुळे श्रेय त्याला मिळालं.

टायरच्या वजनाकडे तर कुणी बघतच नाही. एकाच साइझच्या दोन टायरांत एक-दीड किलोचा फरक सहज निघतो. टायरचं रबर आणि पट्टे काठाजवळच असल्यामुळे तिथला एक किलो पावणेदोन-दोन किलोंएवढा मोजायचा. म्हणजे वेग घेण्याच्या हिशोबात टायरमधला एक किलो रिममधल्या सव्वा-दीड किलोच्या तोडीचा, आणि टायर तर दोन-तीन वर्षांनी आपण बदलतोच.

या विषयावर इतिहासातलं एक उदाहरण मला फार आवडतं. बुगाटीची टाइप ३५ ही शर्यतीची गाडी १९२४ साली फ्रान्समध्ये ल्योंच्या ग्रां प्रीत पहिल्यांदा उतरली. तिची आठ स्पोकांची ओतीव अॅल्युमिनियमची चाकं ही त्या काळातली नवलाई होती. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला, तारांच्या चाकांच्या जमान्यात दिसायला एकदम आजचं. आणि त्या शर्यतीत गाडीला दगा दिला तो टायरांनी. रबर नीट भाजलं गेलं नव्हतं, त्यामुळे टायरची वरची साल सुटू लागली. पुढे याच गाडीनं ढिगानं शर्यती जिंकल्या, ते टायर धड मिळाल्यावर.

तेव्हा तुमच्या पैशांचं मी काय करीन ते सांगतो.

सगळ्यात आधी ब्रेक. १४० वरून ६० वर येताना तुमच्या पोलोला एका दमात सात लाख ज्यूलच्या वर ऊर्जा जिरवावी लागते. दोन लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी. असं कमी-जास्त प्रमाणात दर दीड-दोन मिनिटांत अनेकदा, आणि छोट्या ट्रॅकवर डिस्क थंड व्हायला वेळही मिळत नाही. मागे ड्रम आहेत, म्हणजे बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कवर. तुम्ही लिहिता की काही बदललेलं नाही, त्यात ब्रेक ऑइलही आलं असेल तर ते चिंतेचं आहे. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. हवेतली ओल शोषल्यावर हाच दंडक १५५ वर येतो. पुण्यातले चार पावसाळे पाहिलेलं ऑइल ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला उकळलं तर नवल नाही. मग पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. चाकं हलकी करून या बाबतीत काही साधत नाही. ताजं ऑइल आणि ट्रॅकचं तापमान सोसणारे पुढचे पॅड घाला. चाकं घ्या वा घेऊ नका, पुढच्या ट्रॅक डेच्या आधी एवढं कराच.

मग टायर. आणि इथे मी तुम्हाला चाकं घ्यायला सांगणार आहे, पण वेगळी.

दुकानदारानं दाखवलेली १६ इंची राहू द्या. १५ इंची घ्या, सात इंच रुंदीची, त्यावर १९५/५५ चे (१९५ मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या ५५ टक्के उंच) चांगले चिकट टायर, आणि हा संच फक्त ट्रॅकसाठी ठेवा. तुमचे सध्याचे १६ इंची चाकांवरचे १९५/५५ टायर उंचीला ६२ सेंटिमीटर भरतात, १५ इंचीवरचे साडेएकोणसाठ. चार टक्क्यांनी लहान. चाक लहान झालं की प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी आखूड होतो आणि गाडी तेवढी जास्त ओढते. बारा किलो घटवून सव्वा टक्का मिळत होता. इथे नुसत्या उंचीनं त्याच्या तिप्पट मिळालं, आणि १५ इंची रिम सहा किलोंच्या आतबाहेर मिळतं, तेव्हा तो सव्वा टक्काही वरकडीला आलाच. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल, ट्रॅकवर त्याची फिकीर नको. १५ इंची चाक कॅलिपरला घासेल का, ही भीती तुमच्या गाडीत नाही, जीटी टीएसआय सुरुवातीला १५ इंचीवरच विकली जात होती. तरी रिमच्या स्पोकांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून पैसे देण्याआधी एक चाक टायरशिवाय चढवून हातानं फिरवून बघा.

रोजच्या हिंजवडीच्या वाटेला मूळ १६ इंचीच बरी. १५ इंचीवर गाडी सव्वा सेंटिमीटर खाली येते. आपले स्पीडब्रेकर कुठल्या नियमानं बांधलेले नसतात हे तुम्ही जाणताच. शिवाय हलकं रिम आणि खड्डा यांची दोस्ती नसते.

रिम हलकं कसं केलंय याला इथे महत्त्व येतं. साध्या ओतीव रिमला बळकटीसाठी धातू जास्त लागतो, म्हणून ते जड. फ्लो-फॉर्मिंगमध्ये ओतलेलं रिम गरम असतानाच फिरवून रोलरनं त्याची कड ताणतात. धातू दाट होतो, कड पातळ ठेवता येते. फोर्जिंगमध्ये अॅल्युमिनियमचा ठोकळा हजारो टनांच्या दाबाखाली दाबून आकार देतात. रेज कंपनीच्या टीई३७ या १९९६ पासूनच्या प्रसिद्ध चाकाच्या नावातला ३७ म्हणजे १५ इंची, सहा इंच रुंद चाकाचं ३.७ किलो वजन. ते फोर्ज्ड आहे आणि त्याची किंमतही तशीच. ओतीव चाकच नुसतं पातळ करून हलकं म्हणून विकत असतील तर मात्र दूर राहा. लोखंडी रिम खड्ड्यात वाकतं, ठोकून सरळ करता येतं. पातळ ओतीव रिमला तडा जातो, आणि तो बहुधा स्पोकच्या आतल्या बाजूला, जिथे गाडी धुताना कुणाचं लक्ष जात नाही. रिमच्या मागे जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या चाकांच्या जपानी चाचण्यांचे शिक्के, जास्तीत जास्त भाराचा आकडा आणि बनवणाऱ्याचं नाव ओतलेलं असतं. नुसता स्टिकर असेल तर त्याच्यावर विसंबू नका, आणि नामांकित चाकांच्या हुबेहूब नकला बाजारात पुष्कळ आहेत. १४० च्या वेगात स्पोक तुटला तर वाचवलेले पैसे कुठे गेले ते शोधायलाही गाडी उरत नाही.

मापांच्या बाबतीत पोलो थोडी हट्टी आहे. पाच बोल्ट, १०० मिलिमीटरची पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास), मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाहेरच्या चाकांचं भोक बहुधा मोठं असतं आणि मधे रिंग घालावी लागते. ती अॅल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या आचेनं मऊ पडते आणि मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. लोक बॅलन्सिंग करून करून थकतात, दोष रिंगचा असतो.

ऑफसेटचा, म्हणजे चाक हबला टेकतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे त्याचा, आकडा जुन्या रिमच्या आतून ‘ईटी’ या अक्षरांपुढे वाचता येईल. चाक चार बोटं बाहेर आलेलं छान दिसतं, हे खरं. पण ऑफसेट बराच कमी केला तर चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या आसापासून बाहेर सरकतो. अशा पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत हे अंतर मुद्दाम ठरवलेलं असतं, ब्रेक एका बाजूला जास्त लागला तरी गाडी सरळ राहावी म्हणून. ते बिघडलं की जोरात ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढ घेतं, आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. मूळ आकड्यापासून पाच-सात मिलिमीटरच्या आत राहा.

बोल्टच्या बाबतीत तर काही जण जिवावर उदार असतात. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टांची बैठक गोलसर असते, बाहेरच्या बहुतेक चाकांना कोनाकार लागते. गोल बोल्ट कोनाच्या खाचेत घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका रेघेवर, आणि सैल होतो. चाकांसोबत योग्य बैठकीचे, योग्य लांबीचे बोल्ट मागून घ्या, टॉर्क रेंचनं १२० न्यूटन मीटरवर आवळा आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासा. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनवर हे काम सोडू नका.

हवेच्या दाबावर एक पैसा खर्च होत नाही, आणि वाटण्यातला मोठा फरक त्यात आहे. टायर दर दहा अंशांनी तापला की दाब दीडेक पीएसआयनं वाढतो. सकाळी ३० अंशांचा टायर ट्रॅकवर ७० ला गेला तर सहा पीएसआय वाढले. रोजच्या ३३ वर ट्रॅकवर शिरलात तर तिसऱ्या लॅपला ३९ झाले, टायर फुगून मधल्या पट्ट्यावर उभा राहिला, आणि तुम्ही मात्र ‘पुढून घसरतेय, चाकं बदलली पाहिजेत’ म्हणत बसाल. तापलेल्या टायरचा दाब पिटमध्ये शिरल्या शिरल्या मोजा आणि तो ३३-३५ च्या आसपास राहील एवढी हवा आधीच कमी करा. परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरा, साध्या पंपानंही भरता येते.

विम्याचंही सांगून ठेवतो. बाहेरची चाकं पॉलिसीत नोंदवलेली नसतील तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळवताना वाद होतो. आणि शर्यत किंवा वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर नेहमीच्या पॉलिसीत वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली तर खर्च तुमचा, चाकं हलकी असोत की जड.

एवढं करूनही, म्हणजे शॉकअपची तपासणी, ब्रेक, टायर आणि ट्रॅकसाठी १५ इंची संच एवढं झालं, तरी सव्वा लाखात बसेल असा माझा अंदाज आहे, बशर्ते शॉकअप ठीक निघाले. नाही निघाले तर चाकं पुढच्या वर्षावर ढकला. जुन्या १६ इंचीवर चांगले टायर टाकून या खेपेला जा.

आणि वहिनींना सांगा, त्यांचा प्रश्न बरोबर आहे. ६२ हजार किलोमीटर पुण्यात फिरलेली चाकं गोल आहेत की नाहीत, हे खरंच बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघायला हवं. एखादं आत दबलेलं निघालं आणि स्टिअरिंग थरथरत असेल, तर ती थरथर त्याचीच असेल. चाकं घ्यायचं ठरलंच, तर काटा सोबत न्या आणि पैसे मोजायच्या आधी चारही रिमं दुकानातच त्यावर ठेवा. ६.८ म्हणून सांगितलेलं ८ भरलं, तर उरलेलं बोलणं आपोआप सोपं होतं.